उरलेली दहा अक्षरं

सर,

रविवार, २१ नोव्हेंबर १९६५, सकाळी दहा वाजून वीस मिनिटं. तुमच्या मागच्या भिंतीवर घड्याळ होतं, आणि तुमच्याकडे बघण्याची सोय राहिली नव्हती म्हणून मी त्याच्याकडे बघत होते. सिनेगॉगच्या मागच्या खोलीत तुमच्या हिब्रूच्या वर्गातली आम्ही नऊ मुलं, बाकांवर आईवडील. महिन्यातून एकदा पालकांनी येऊन प्रगती बघायची हा तुमचाच नियम. वर्ग सुटल्यावर वाटायला आईने मलिदा आणला होता, गोड पोह्यांचं ते ताट मांडीवर धरून ती बसली होती. तुम्ही म्हणालात, "चल, शेमा म्हण." मी उजव्या हाताने डोळे झाकले, देव एकच आहे असं सांगणारी आपली ती प्रार्थना एका दमात पाठ म्हटली. एकही चूक नाही. आणि हात डोळ्यांवरून निघाला तो कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा असा क्रूस करूनच खाली आला.

मी अकरा वर्षांची होते. आठवड्याचे पाच दिवस कॉन्व्हेंटच्या प्रार्थनेला शंभर मुलींमध्ये उभी राहायचे. नन्सनी मला क्रूस करायला कधी सांगितलं नाही, उलट "तू नुसती उभी राहा" म्हणायच्या. पण हाताला हे कोण सांगणार? एखादा शहाणा माणूस हसला असता. तुम्ही खडू खाली ठेवलात आणि माझ्याशी नाही, माझ्या वडिलांशी बोललात. "अहो, हिला इथे कशाला आणता? चर्चमध्ये घाला. तिथे मेणबत्त्याही जास्त मिळतील." बाकांवरचे दोघंतिघं हसले. वडील म्हणाले, "लहान आहे हो, सर."

"लहान आहे म्हणूनच सांगतोय. पुढच्या रविवारपासून पाठवू नका. बाकीच्यांना लागण व्हायची."

आईने ताटावर रुमाल टाकला. घरी येऊन नऊ मुलांचा मलिदा आम्ही तिघं संध्याकाळपर्यंत खात होतो. सोमवारी शाळेत गेले तर तिथे मी पुन्हा ज्यू मुलगी.

तुम्ही वारलात तेव्हा मी तुमच्या घरी भेटायला आले होते. तुमची बहीण कौतुकाने सांगत होती की तुम्ही हिब्रू शिकलात ते मिशनऱ्यांच्या शाळेत, पाद्र्यांच्या हाताखाली, रोज सकाळी येशूचं गाणं म्हणून. मी चहा अर्धा टाकून उठले. तुम्हाला लागण झाली नव्हती वाटतं.

आता कामाचं. माझी नात बारा वर्षांची होते आहे. मुलीने धर्माची जबाबदारी घ्यायची ती बात मित्झवा येत्या शनिवारी आहे, कर्वेनगरात आमच्याच सोसायटीच्या हॉलमध्ये. तिचा वर्ग लॅपटॉपवर भरतो. शिकवणारी तिशीची बाई आहे आणि काही चुकलं की दोघी हसतात. हसतात, सर. तरी मुलगी ज्यूच राहिली आहे. त्या दिवशी घरातल्या एका मोठ्या माणसाने तिच्याबरोबर शेमा वाचायचा आहे. नात म्हणते, "आजी, तूच. पण पाठ नाही हं म्हणायचं, ते चीटिंग. बघून वाचायचं."

बघून काय वाचू? तुम्ही दर रविवारी माझ्या वहीत स्वतःच्या हाताने एक अक्षर काढून द्यायचात, खाली देवनागरीत उच्चार. बारा रविवार, हिब्रूच्या बावीसपैकी बारा अक्षरं. तेराव्या पानापासून वही कोरी. शेमा या शब्दातली तिन्ही अक्षरं त्या कोऱ्या पानांतली आहेत. जी प्रार्थना म्हटल्यावर मला हाकललंत, तिचा पहिला शब्दसुद्धा मला साठ वर्षांत वाचता आलेला नाही. नात शिकवायला तयार आहे. "दहाच तर राहिलीत," म्हणते. तिला कसं सांगू की मला ती तिच्याकडून नको आहेत? अर्धवट तुम्ही सोडलंत, पुरं तुम्हीच करायचं.

उरलेली दहा अक्षरं लेखी हवीत, तुमच्याच वळणात.

त्या रविवारी वही पाण्याच्या बंबात घातली असं मी आईला सांगितलं होतं. घातली नव्हती. हे पत्र पोस्टात पडणार नाही, तिच्या तेराव्या पानात राहील, शेजारी टोक केलेली पेन्सिल. मुदत शुक्रवारी सूर्यास्तापर्यंत. त्यानंतर शब्बाथ लागतो, विसाव्याच्या त्या दिवशी लिहिणं वर्ज्य, आणि तुम्ही काही लिहिणार नाही.