धारेच्या वेळी तहकूब

ता. देवणी, जि. लातूर
बुधवार, १० सप्टेंबर २०२५

ती. गौरम्मा आत्यांस,
अंबिकाचा शि. सा. न. वि. वि.

सोमवारच्या पत्रात माझ्या हातून एक शब्द चुकला, तो आधी दुरुस्त करते. आपल्या दूध संस्थेची वार्षिक सभा रविवारी ‘बरखास्त झाली’ असं मी लिहिलं होतं. काल इतिवृत्त पक्कं करायला बसले (संस्थेत चिटणिसांचं ते काम मीच करते), कच्ची वही उघडली, तर अध्यक्ष बसलिंगप्पा तो शब्द बोललेच नव्हते. सभा तहकूब, असं म्हणाले होते, तेही मान वर करून, कचेरीतल्या साहेबासारखं. मला दोन्ही एकच वाटले. आता वाटत नाहीत, आणि नक्की फरक काय तेही कळत नाही. घरात लिहायला शिकलेली मी पहिली. मी लिहिलं की आईला ते काळ्या दगडावरची रेघ वाटतं, म्हणून जास्त भीती वाटते. तुम्ही फोन कर म्हणून रागावता, पण बोललेलं पुन्हा तपासता येत नाही.

मागच्या वेळी घाईत सगळं उलटसुलट लिहिलं. नीट सांगते. ऑगस्टमध्ये संस्थेच्या भिंतीवर एक यादी लागली, ‘अक्रियाशील सभासद’ म्हणून. त्यात एक्केचाळीस नावं, सगळी बायकांची, तिसरं आईचं. सलग तीन वार्षिक सभांना गैरहजर, म्हणून नोव्हेंबरच्या निवडणुकीत मत नाही आणि उभंही राहता येणार नाही. आईला या वेळी उभं राहायचं होतं, हे तुम्हाला माहीत आहे. आणि या एक्केचाळीस जणी तिन्ही वर्षं सतरंजीवर बसून होत्या, मी स्वतः पाहिलंय. पण हजेरीवही निघते आभार मानून झाल्यावर. तोवर पाच वाजून जातात, धारेची वेळ होते, गाई हंबरायला लागतात. बायका उठतात. राहतात ते सह्या करतात.

म्हणून आईने रीतसर अर्ज देऊन दोन विषय घालायला लावले. सहावा असा की प्रत्येकाने दहाच मिनिटं बोलावं आणि सही आत येतानाच घ्यावी. सातवा असा की त्या एक्केचाळीस जणींची नावं परत घ्यावीत. यादी तीस तारखेला तालुक्याला जाणार, तोवर सभेत त्यांना हात वर करता येतो. दोन्ही ठराव सहज झाले असते.

तीनला सभा सुरू झाली, पहिले पाच विषय दहा मिनिटांत मंजूर झाले. सहावा विषय निघाला आणि उपाध्यक्ष मलप्पाकाका उठले. तीन वाजून दहा मिनिटं. आधी वर्षभरात वारलेल्यांना श्रद्धांजली, मग वारलेल्या बैलांना. मग देवणी गाय कुठून आली, रंगावरून तिच्यात वानेरा कोणती, बालंक्या कोणती, शेवरा कोणती, हे रोज तिच्या पोटाखाली बसणाऱ्या बायकांना समजावलं. मग पेंडीचं पोतं मागवून त्यावरचा मजकूर वाचला, खालच्या फोन नंबरासकट. मातृशक्तीला वंदनही केलं, पण ती शक्ती उठून गोठ्याकडे निघाली होती. पाच वाजून वीस मिनिटांनी शेवटची बाई गेली. पाच पस्तीसला काका म्हणाले की, एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो. समोर एकोणीस जण उरले होते. बसलिंगप्पांनी चेहरा पाडून सांगितलं की सहकारात बायकांना रसच नाही, माणसं पुरेशी नाहीत, सभा तहकूब.

दहा मिनिटांत सांगण्यासारखं ज्याच्याकडे काही नाही, त्याला अडीच तास मिळतात, हे मला सहन होत नाही. वडीलधाऱ्यांबद्दल असं लिहू नये. लिहिलंय, खोडत नाही.

फुफाजी कोर्टात चपराशी होते. तुमच्या कानावरून हा शब्द गेला असेल, म्हणून विचारते. शिवानीवहिनींना नमस्कार. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची भाची,
अंबिका

नांदेड
शनिवार, १३ सप्टेंबर

चि. अंबिका हिला आत्याचे पोटभर आशीर्वाद.

पत्र सूनबाई शिवानी लिहून राहिली, बोल माझे हायत. मधी मधी शुद्ध करायला बघती, तिला दटावलंय.

पोरी, तू बी ए झालीस अन् तहकूब कळंना तुला? तुझ्या फुफाजीनं तीस वरीस दुसरं काय ऐकलं? साहेब तहकूब म्हणला की लोक पिशवी उचलून घरला जायचे अन् पुढच्या तारखेला परत यायचे. खटला जिता राहतो ग! बरखास्त म्हंजे मेला, तहकूब म्हंजे निजला. त्या बसलिंगप्पाला वाटलं असंल, लई भारी शब्द हाय, तोंडात शोभून दिसतो. कोट शिवला म्हणून वकील होत न्हाई, हे त्याला कुणी सांगावं?

अन् मलप्या. माझा चुलतभाऊ हाय म्हणून मला त्याचं कौतुक सांगू नको. शाळेत मास्तरनं नाव विचारलं तर हा रडला व्हता. त्याच्या आईनं दारातून नाव सांगितलं. आता त्याला बोलायला आलंय तर पोतं वाचून राहिला. एवढी बायकांची भीती असंल तर सरळ सांगावं की बाबा, भिऊन राहिलो. न्हाई, ह्याला वंदन करायचं. वंदन करायचं अन् नाव खोडायचं. असल्या वंदनाला मी चूल बी पेटवणार न्हाई.

आता ऐक. प्रत्येक संस्थेचं नेमाचं पुस्तक असतं. ते हुडक. निजलेली सभा कधी उठवायची, किती माणसं लागतात, त्यात असंल. इतिवृत्तात तो बोलला तोच शब्द लिही, एक अक्षर इकडं तिकडं नको. तू चोरी करत न्हाईस, उगं रात रात जागू नको.

अन् बायका उठून जातात म्हणतीस, तर जातात कशाला? गाई घेऊन या म्हणावं. संस्थेच्या अंगणात बांधा, तिथंच धार काढा, तिथंच माप द्या. दूध शेवटी तिथंच यायचं हाय की! गाय गोठ्यातच पान्हा सोडती असं काय लिहून दिलंय का तिनं? मालकीणबाई जवळ असली की झालं. मग बोल म्हणावं मलप्याला सकाळपातुर.

कमलम्माला सांग, भावजय म्हणून लई भांडले तुझ्याशी, पर ह्या बाबतीत मी तुझ्या बाजूची. जेवत जा. माया हाय ती हायच, मागायची गरज न्हाई.

आत्या
(शिवानी: आत्याबाईंनी अजून चार शब्द सांगितले होते. ते मी पोस्टात घालू शकत नाही.)

ता. देवणी
बुधवार, १७ सप्टेंबर

ती. आत्यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र परवा मिळालं. आईला मोठ्याने वाचून दाखवलं. भांडणाच्या ओळीला ती हसली आणि मग पदराने डोळे पुसले. तुम्हाला सांगू नको म्हणाली होती.

आज मुक्तिदिनाचं झेंडावंदन झालं. मलप्पाकाका पन्नास मिनिटं बोलले. निजामाच्या राज्यात माणसाला तोंड उघडायची सोय नव्हती, असं म्हणाले. शाळेची लेकरं उन्हात उभी होती, त्यांतली दोन खाली बसली.

नियमांचं पुस्तक सापडलं. दुधाची फॅट मोजायच्या मशीनचा एक पाय आखूड आहे, त्याखाली ते सहा वर्षं होतं. रोज सकाळी मी त्याच मशीनवर काम करते. त्यात लिहिलंय की तहकूब सभेची तारीख अध्यक्षांनी दिली नाही तर ती पंधराव्या दिवशी, त्याच जागी, त्याच वेळी, त्याच विषयपत्रिकेवर भरते, आणि तिला माणसांच्या संख्येची अट नाही. अध्यक्ष आले नाहीत तर हजर असलेले आपल्यातला एक निवडतात. आणि एका विषयावर एका सभासदाने एकदाच बोलायचं. काकांनी त्यांचे दोन शब्द स्वतःच्या तोंडाने संपवले आहेत. मी ते वाक्य वेळेसकट इतिवृत्तात घेतलं. बाकीचे बोलू शकतात, काकांच्या बाजूचे गुंडप्पा बोलतीलच, तेव्हा सभा लांबेल हे बायकांना सांगून ठेवलंय.

पंधरावा दिवस मोजताना सभेचा दिवस धरायचा की सोडायचा, याने रात्रभर झोप लागली नाही. काल तालुक्याच्या ऑफिसात गेले. तिथले साहेब म्हणाले की धरायचा, एवढ्यासाठी कोण येतं? मी म्हटलं की लिहून द्या. कंटाळून त्यांनी लिहून दिलं.

बसलिंगप्पांना न सांगता सही घ्यावी, हे मनाला पटेना. इतिवृत्त त्यांना सबंध वाचून दाखवलं. ‘तहकूब’ला त्यांनी मान डोलावली, तो शब्द ठळक कर म्हणाले. मी नियमाचं पानही पुढे केलं. चष्मा घरी आहे म्हणाले आणि सही केली. मग मी फळ्यावर सूचना लिहिली. ती वाचून चिटणीस वीरेश आणि गुंडप्पा हसले, की सर्वपित्री अमावस्येला सभेला कोण येणार, आणि माणसं नसली की पुन्हा तहकूब. मी फळ्यावर नियमाचा आकडाही लिहिलाय. तो कुणी उघडून बघितला नाही. सहा वर्षं पुस्तक मशीनच्या पायाखाली ठेवणाऱ्यांकडून दुसरी अपेक्षाही नाही.

अडतीस जणी येतो म्हणाल्या. तिघींच्या गाई आटल्यात, त्या नुसत्या येतील. अंगणात दाव्यांसाठी खुंट्या आमचे अप्पा, तुमचे भाऊ, ठोकणार आहेत. आईने शेवऱ्या गाईला काल आणि आज तिथे नेऊन धार काढून पाहिली. पहिल्या दिवशी तिने लाथ मारली, आज दिली.

हजेरीवहीच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे असते. सभा सुरू व्हायच्या आधी वही काढून दारात बसायचं आणि आत येणाऱ्या प्रत्येकीची सही किंवा अंगठा घ्यायचा, असं ठरवलंय. सही आधी घेऊ नये असं पुस्तकात कुठेही नाही, तीन वेळा वाचलं. वीरेशने आजच सुचवलं की फॅट काढायला दुसरी मुलगी मिळते. मिळेल. किल्ली अजून माझ्याच कमरेला आहे.

तुमचा आशीर्वाद पाठीशी असू द्या, आणि रागावायचा हक्कही सोडू नका.

तुमची,
अंबिका

ता. क. फोनवर विचाराल म्हणून इथेच लिहून ठेवते. मी वही उघडणार ती रविवारी, २१ सप्टेंबरला, दुपारी अडीच वाजता.