दिसत नाही तो ग्रह

दादा,

हे पत्र पेटीत टाकणार नाहीये, कारण "त्याला कुणी बोलवायचं नाही" असा आईचा हुकूम आहे.

कपाट खिडकीशी ठेवायचं की भिंतीशी, यावरून तू तिच्याशी भांडून गेलास, तो पुन्हा फिरकलाच नाहीस. कपाट अजून खोलीच्या मधोमध आहे. आम्ही सगळे त्याच्याभोवती फिरतो.

आमच्या वेधशाळेत मला आपल्या सूर्यासारख्याच एका ताऱ्याभोवती पाच ग्रह सापडले. आईने विचारलं, "दिसतात का?"

"नाही गं. ते ओढतात म्हणून तारा जागच्या जागी किंचित डुगडुगतो. त्यावरून कळतं."

"म्हणजे न बघताच पगार घेतेस!" लगेच मावशीला फोन करून तिने तेच सांगितलं.

आता ऐक. दर रविवारी अकराला, तुझ्या यायच्या वेळी, आई कपाटाला वळसा घालून जाते, दार उघडते, "जरा वारा येऊ दे" म्हणते आणि परत येऊन बसते. चौदा रविवार मी बघतेय. पंखा चालूच असतो.

आईला आपलं काही वाटत नाही, असा तुझा ग्रह झालाय. ग्रहांमधलं मला कळतं, दादा. हा चुकलाय.

तुझी,
न बघता पगार घेणारी छोटी