छातीशी ठेवलेल्या बॅटऱ्या

१९ जून, सकाळी साडेदहा
मेल्या परत. दोन्ही. चार्जरवरून उतरवून चार तास झाले नाहीत. कढईत तेल तापलेलं, पुढ्यात सात गिऱ्हाइकं, आणि माझं वाफेचं यंत्र, सिगारेटऐवजी ओढायचं ते वेप, तीनदा लुकलुकून डोळे मिटतं. आमचे हे असेच गेले.
सिगारेट सोडून सोळा दिवस. लेकीची, ओसिरिसची, अट आहे. सोळा जुलैला, कार्मेन मातेच्या सणाला, ती बोगोताहून येणार आणि माझं तोंड हुंगणार. सिगारेटचा वास आला की टपरी बंद, घराला कुलूप, आणि मी तिच्या अकराव्या मजल्यावर. तिथे लोक जुलैतही लोकरीचे मोजे घालून झोपतात. डॉक्टरने फुप्फुसाचा फोटो तिला पाठवलाय. फुप्फुस माझं, फोटो तिच्याकडे!
निश्चय: चांगल्या बॅटऱ्या आणायच्या. यंत्र दिवसभर चाललं तर मी इथे राहिले.

२० जून
वेपच्या दुकानात. मालकीण मिलेना, चाळिशीची, मानेवर मासा गोंदलेला. बॅटऱ्या बघून म्हणाली, आजी, एक नवी एक जुनी कशी? म्हटलं, एक टॉर्चमधली काढलीय. तिने कपाळ धरलं. म्हणाली, जोडी एकदम घ्यायची, एकत्र वापरायची, एकत्र चार्ज करायची, लग्न लावल्यासारखी. म्हटलं, बाई, एक लग्न केलंय, पुरे झालं.
तिच्याकडच्या बॅटऱ्यांवर किती वीज मावते त्याचा आकडा तीन हजार. म्हणे, मोठ्या आकड्याला भुलू नका, बॅटरी एका दमात किती अँपिअर सोसते ते बघा.
विचार करून सांगते म्हटलं. विचार कसला करायचाय? तीन हजार!

२२ जून
मंडईत मिळाल्या. गुलाबी. आकडा नऊ हजार नऊशे! मिलेनाच्या तिपटीहून जास्त. तिसरीपर्यंतच शिकले, पण एवढं गणित येतं. सोबत शेजारीण तार्सिला. ती म्हणाली, अगं, एवढीशी बॅटरी, एवढा आकडा आणि एवढी स्वस्त? म्हटलं, तुला कळतं का बॅटरीतलं?

२३ जून
पिठाच्या काट्यावर ठेवून बघितली. वजन जुनीच्या निम्मं. तार्सिला म्हणे, आत हवा भरलीय का गं? म्हटलं, फोनसुद्धा हलके झालेत, सुधारणा म्हणतात तिला. माझी मक्याची आरेपाही तळताना फुगते, पण तिच्यात अंडं असतं. ती गोष्ट वेगळी.

२६ जून
दुपारी बारालाच संपल्या. नव्या आहेत, घराची सवय व्हायचीय. चार्जरवर वेळ घालवायला नको म्हणून पत्र्यावर उन्हात ठेवल्या. आमच्या आईने रेडिओचे सेल असेच तापवून आयुष्यभर बातम्या ऐकल्या.
तासाने: बोटं भाजली. एकीची गुलाबी साल सुटली. सोलून टाकली. केळ्याला सालीचं काम असतं, बॅटरीला काय?

३० जून
मिलेना टपरीवर आली, दोन आरेपा खाल्ल्या आणि बॅटरी बघून तिसरी खालीच ठेवली. म्हणाली, आजी, त्या आकाराची नऊ हजार नऊशेची बॅटरी जगात कोणी बनवत नाही, ही थाप आहे. आणि साल निघाली की बाहेरचं सगळं अंग म्हणजे उघडा धातू. किल्ली लागली, नाणं लागलं, की पेटते. फेका. तोवर निदान यात ठेवा, म्हणून प्लास्टिकची डबी दिली. फुकट.
माल खपत नाही म्हणून दुसऱ्याच्या मालाला नावं. दुकानदार सगळे एकच.
डबी मात्र छान आहे. टाचण्या ठेवल्या.

६ जुलै
चार वाजले की हाताला काही सुचत नाही. पीठ दोनदा मळलं. मीठ तीनदा. तार्सिलाचा नवरा ओट्यावर सिगारेट पीत होता, त्याच्यासाठी जरा धरली. ओढली नाही. श्वास घेताना ती तोंडात होती, इतकंच.
निश्चय: आणखी एक जोडी घ्यायची, जास्तीची म्हणून जवळ बाळगायची. कुठे ठेवायची, हा प्रश्नच नाही. पैसे, फोन, किल्ली, सगळं जिथे असतं तिथे, ब्राच्या आत. चाळीस वर्षांत तिथून काही हरवलेलं नाही.

१५ जुलै
नवी जोडी मिळाली नाही. यंत्रात जुन्या घातल्या, सोललेलीच जवळ ठेवली. उद्या सगळं नीट होणार. ओसिरिसला मोजे विकत घ्यायला सांगितलं नाही, हे बरं केलं.

१६ जुलै, दुपारी
ओसिरिस आली. हुंगलं. म्हणाली, आई, शाब्बास. मी म्हटलं, बघ.
मिरवणूक निघाली. कार्मेन माता ड्रायव्हरांची, त्यांनी हॉर्नांचा नुसता कल्ला केला. मातेच्या मूर्तीचा ट्रक समोर आला, मी हात जोडले आणि छातीत ऊब आली. वाटलं, पावली! अकरा वर्षं मेणबत्त्या लावल्या, आज पावली. मग ऊब फारच वाढली. धूर निघाला. गळ्यातलं मातेचं पितळी पदक त्या सोललेल्या बॅटरीला जाऊन भिडलं होतं. हात घातला, उपटली, फेकली. ती थेट ट्रकवरच्या फुलांत. आधी फुसफुस, मग ठो! लोकांना वाटलं फटाका. हॉर्न आणखी जोरात.
माता वाचली. गुलाब गेले.

१७ जुलै
छातीवर पट्टी. खाली पदकाचा छाप, माता आणि तिचं बाळ, दोघंही स्पष्ट. मिलेना येऊन ओसिरिसला सगळं सांगून गेली. डबी मागितली. टाचण्या बघून परत माझ्याच हातात दिली.
मी ओसिरिसला म्हटलं, अट सिगारेटची होती. सिगारेटचा वास आला का? ती म्हणाली, नाही आई, तू जळाल्याचा आला. मग रडली. मी पट्टी नीट करत बसले.
जखम भरेपर्यंत बोगोता. म्हणजे दोनच महिने. मोजे तिने आधीच आणले होते, बॅगेत होते. माझ्या मापाचे.
टपरीला कुलूप लावलं. किल्ली डबीत ठेवली, डब्या अशाच वस्तूंसाठी असतात.
पाद्रीबाबा गुलाबांचं विचारायला येतील. तार्सिलाने दार उघडायचं आणि उत्तरही तिनेच द्यायचं. बॅटऱ्या घेताना मंडईत माझ्यासोबत तीच होती.