नवशिक्यांच्या उतारावर

७ जानेवारी

ती. आक्कास,

सा. न. वि. वि. नमस्कार बसल्या बसल्याच करतोय. वाकलो तर उठवायला कोणी नाही, आणि अंग असं ठणकतंय की विचारू नकोस.

या वयात हे काय खूळ, असं तू विचारलंस. खूळ माझं नाही, ठकीचं. तिची आई गेल्यापासून मी खुर्चीतून उठेनासा झालो, म्हणून लेकीने परस्पर माझं नाव शहराबाहेरच्या डोंगरावर, बर्फावरून घसरायच्या वर्गात घातलं. पायाला लांब पट्ट्या बांधतात आणि उतारावर सोडून देतात. वर्ग अगदी नवशिक्यांचा. माझ्यासोबत दातांच्या एक निवृत्त डॉक्टरीणबाई आहेत आणि एक नवं जोडपं, ते एकमेकांना धरून दोघंही पडतात. शिकवणारी बाई धिप्पाड आहे. ती मला आजोबा म्हणते आणि काखेत हात घालून पोत्यासारखं उचलते.

परीक्षा एकच. उतारावरून खाली यायचं आणि लाल रेघेच्या अलीकडे थांबायचं. थांबलं की वरच्या वर्गात, नाही तर पुढच्या रविवारी पुन्हा इथेच. मी दर वेळी रेघ ओलांडून जाळीत जाऊन आदळतो. जन्मभर बस डेपोत ब्रेक दुरुस्त केले त्या माणसाला थांबता येत नाही, म्हणून ठकी मला चिडवते.

आता तुला म्हणून सांगतो, कुठे बोलू नकोस. मला थांबता येतं. पहिल्याच दिवशी जमलं होतं. पण वरच्या वर्गाला न्यायला शहरातून बस असते. नवशिक्यांनी आपलं आपण यायचं. डोळ्यांमुळे माझं गाडी चालवणं बंद, म्हणून ठकी सोडते. जाताना तासभर, येताना तासभर, आम्ही दोघंच. एरवी ती शहराच्या त्या टोकाला, मी या टोकाला. फोनवर जेवलात का, गोळी घेतलीत का, की संपलं. पास झालो तर गाडीतलं ते बोलणंही जाईल. म्हणून पडतो. कंबरेचे बारा वाजलेत, पण चालायचंच.

भावजींना नमस्कार सांग. लोभ आहेच, तो उतरणीला लागू देऊ नकोस.

तुझा,
बाब्या


१९ जानेवारी

ती. आत्यास,

ठकीचा सा. न. पत्र तुकड्या-तुकड्यांनी लिहितेय, अक्षराला हसू नकोस. बेकरीत पीठ फुगेपर्यंत जरा हात मोकळे असतात, तेवढ्यात उरकते.

बाबा छान आहेत. काळजी त्यांची नाही, माझी आहे, आणि ती तुझ्याशिवाय कुणाला सांगू? शनिवारची रात्रपाळी सगळ्यात जड, कारण रविवारी पाव दुप्पट लागतो. सुटले की तशीच कानात पीठ घेऊन बाबांकडे जाते आणि त्यांना डोंगरावर नेते. वर्ग चालू असेतो मी उभी राहते, बसले तर झोपेन. गाडीत ते भरभरून बोलतात, डेपोतल्या गमती, आईच्या आठवणी. मी नुसती हूं हूं करते. काय बोलले ते नंतर आठवतही नाही, त्याचंच वाईट वाटतं.

गेल्या रविवारी उतरताना वळणावर माझा डोळा लागला. चाक कडेच्या दगडाला घासलं तेव्हा जाग आली. बाबांना वाटलं, बर्फावरून घसरलो. मीही हो म्हटलं. खाली दरी होती गं आत्या.

ते पास झाले की बसने जातील, म्हणून मी वाट बघतेय. त्यांच्या बाईंना हळूच विनवलंही की द्या ढकलून वर. पण ज्याला थांबता येत नाही त्याला वर पाठवलं तर तो दुसऱ्याच्या अंगावर जाईल, असं म्हणून त्यांनी मला वाटेला लावलं. सोडायला जमत नाही असं बाबांना सांगितलं तर ते जाणंच बंद करतील आणि पुन्हा भिंतीकडे बघत बसतील. ते माणसात आलेत, ते मला मोडायचं नाही. पण मी फार थकलेय.

यातलं अक्षरही बाबांना कळवू नकोस. माया आहे तशी असू दे.

तुझी,
ठकी


२४ जानेवारी

चि. बाब्या आणि चि. ठकी,

दोघांना मिळून एकच आशीर्वाद, वेगवेगळे द्यायला माझ्यात त्राण नाही. रविवारी दोघं एकत्र असतानाच फोडायचं, असं पाकिटावर ठळक लिहिलंय. ठकीने मोठ्याने वाचायचं. बाब्याने मधे तोंड घालायचं नाही.

इथे हे अंथरुणाला खिळलेले. त्यांना कुशीवर वळवता वळवता माझे खांदे भरून येतात. त्यात तुमची गुपितं पोटात ठेवायची म्हणजे मला घास गिळवत नाही. तेव्हा ऐका. बाब्या, त्या दिवशी बर्फाने काही केलं नव्हतं, तुझी पोर चाक हातात धरून झोपली होती. रात्रभर उभी राबून ती तुला नेते, आणि तू आपला बोलत सुटतोस. ठकी, तुझ्या बापाला पहिल्या दिवसापासून थांबता येतं. तुझ्याजवळ बसायला मिळावं म्हणून तो मुद्दाम हाडं मोडून घेतोय.

मला दोघांचाही राग आलाय आणि दोघांसाठी रडूही आलंय. एकमेकांच्या मायेपोटी दरीत जाल, आणि मी इथे कुणाला दिलेला शब्द कवटाळून बसू? म्हातारपणी मला चुगलखोर केलंत. वाचून झालं की हव्या तेवढ्या शिव्या द्या, पण सोबत बसून द्या.

तुमची,
आक्का, आत्या, जे म्हणाल ते


२९ जानेवारी

ती. आक्कास,

सा. न. वि. वि. वर्गातलं माझं नाव काढलं. ठकी आता रविवारी पुरती झोप काढून संध्याकाळी माझ्याकडे येणार आणि राहणार. हे आधी सांगतो, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल.

तुझं पत्र ठकीने निम्मं वाचलं, मग माझ्या हातात दिलं. उरलेलं मी वाचलं. आधी तुझ्यावर संतापलो. मग माझीच मला लाज वाटली. घाटात कुणाची गाडी सुटू नये म्हणून हयात घालवली, आणि शेजारी पोटची पोर पेंगतेय हे मला दिसलं नाही. ऐकणारं कोणी मिळालं या आनंदात मी होतो.

आता जायचं नाही, असं मी म्हटलं. ती हट्टाला पेटली, म्हणाली की आज एकदा मला थांबून दाखवा, मग सोडा. तरातरा जाऊन गाडीत बसली. मीही समजूत घालायला शेजारी जाऊन बसलो. खरं का नाही सांगितलंत म्हणून ती मला बोलत होती, आणि बोलता बोलता तिची मान कलली.

मी किल्ली काढून घेतली, माझा कोट तिच्या अंगावर घातला आणि गप्प बसलो. आक्का, मला किती बोलायचं होतं. काचेवर बर्फ साचत गेलं, पाय बधिर झाले, वर्गाची वेळ टळली. दुपारी ती दचकून उठली आणि घाबऱ्या घाबऱ्या विचारू लागली की आपण कुठवर आलो. मी सांगितलं, दारातच आहोत, झोप.

तुझा,
बाब्या