रोशनीची तीस सेकंदं

६ जानेवारी
प्राचार्यांना साक्षात्कार झाला — पोरं दिवसभर रील बघतात, तर रीलमधूनच इंग्रजी शिकवा! फतवा निघाला. आयटीआयमधल्या प्रत्येकाने आपल्या ट्रेडचं एक काम तीस सेकंदांत इंग्रजीत सांगायचं. आठवड्याला एक व्हिडिओ. शिकवणार कोण? निलम मॅडम. म्हणजे मी — जिचं स्वतःचं इंग्रजी कधी डहाणू स्टेशनच्या पलीकडे गेलं नाही.

९ जानेवारी
पहिले व्हिडिओ आले. वेल्डरच्या सुनिलने वेल्डिंग सोडून वीस वेळा "हॅलो गाइज" म्हटलं. झाई बंदरावरचा प्रविण बोटीवर उभा राहून बोलला. वाऱ्यात एक शब्द ऐकू येईल तर शपथ! लाइक मात्र चारशे. प्राचार्य खूश.

१५ जानेवारी
इलेक्ट्रिशियनची रोशनी. दीड वर्षात वर्गात तिचा आवाज ऐकलेला नाही. "मॅडम, माणसासमोर नाय बोलवत. मोबाइलपुढं बोलते. तुम्ही तिकडं तोंड करा." केलं. पंपाची जळालेली मोटार उघडून, तार गुंडाळत बोलली — तुटक, पण खणखणीत! भिंतीकडे बघता बघता माझे डोळे भरून आले.

तिला गुजरातेतल्या उंबरगावच्या कंपनीत मोटार वाइंडिंगला, म्हणजे याच तारेच्या कामाला, अ‍ॅप्रेंटिस व्हायचंय. जागा एकच. नाही मिळाली तर आईबरोबर चिकूच्या वाडीत मजुरी आहेच.

२ फेब्रुवारी
प्राचार्य म्हणतात, "रोशनी हसत नाही हो. लाइक कसे येणार?" मोटारीकडे बघून हसायचं काय, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

१६ फेब्रुवारी
मुलाखत! मी सोबत गेले. कंपनीचे साहेब अमृतभाई. बाकी सगळ्यांना गुजराती-हिंदीतच विचारत होते — आमचं दीड महिन्याचं इंग्रजी गेलं पाण्यात! रोशनी त्यांच्यापुढे गप्प. मग पिशवीतून मोबाइल काढून तिने त्यांच्याच हातात दिला. "सर, पकडा ना." बिचाऱ्यांनी पकडला. ती मोबाइलकडे बघत अख्खी मोटार इंग्रजीत सांगून मोकळी!

साहेब गार. "बहु सरस! ऐसी लडकी मशीन पे क्यों? रिसेप्शन पे बिठाएंगे. एसी में."

मी लगेच "थँक्यू सर!" दोनदा म्हटलं.

येताना रिक्षात रोशनी कंपनीच्या कागदावरचा फोन नंबर मोबाइलमध्ये टिपत बसली. आनंदाने असेल.

१७ फेब्रुवारी
सकाळीच अमृतभाईंचा फोन. "मॅडम, तुम्हारी लडकी तो ना बोलती है!" तिने कुणालाही न सांगता त्यांना फोन लावला होता. रिसेप्शन नको, मोटारीवर घ्या, नाहीतर येत नाही.

बोलावून घेतलं. ओरडलेच तिच्यावर — हातची जागा घालवलीस!

सरळ माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "थँक्यू तुम्ही बोललात, मॅडम. मला कुणी विचारलं काय?"

मी अमृतभाईंना फोन लावला आणि तिच्याच हातात दिला.