चौकट नेलेलं घर

तीर्थरूप बाबांना नमस्कार,

तुमच्या गुडघ्यांची सूज आणि आईचा राग, दोन्ही उतरले असतील. माझा खोकला गेला. म्हणजे थोडा आहे, पण गेल्यातच जमा.

इथल्या समुद्रकाठच्या ओसाड, प्राचीन वस्तीत आम्ही उत्खननात एक घर उकरलं. दाराच्या जागी नुसतं भगदाड, शेजारी दगडांची नीट रचलेली रास. उत्खननाचे साहेब म्हणाले, "दार लाटेनं नेलं." मी म्हटलं, "साहेब, मी सुताराची मुलगी. लाट दगड असे एकावर एक रचून ठेवत नाही." चौकट आधी, भिंत मागून, हे तुम्हीच घोकून घेतलंत ना? अख्खी चौकट काढायची, तर भोवतीचे दगड आधी सोडवावे लागतात. शेजारच्या चार घरांतही तसंच निघालं. ती माणसं बुडाली नाहीत, बाबा. दारं खांद्यावर घेऊन दुसरीकडे राहायला गेली.

आपल्या परसात भरतीचं पाणी आता कुठवर येतं? आई लिहिते, तुम्ही हलायचं नाव काढत नाही. आजोबांनी घडवलेली चौकट सोडून कसं जायचं, म्हणता.

सोडायची कशाला? मी सुट्टीला येते. दगड मी उतरवीन, चौकट तुम्ही सोडवा. वरच्या माळावर आधी ती उभी करू. भिंती मागून.

तुमची,
रंधा मारायला कायम आळस करणारी लेक