चेहऱ्याचं काउंटर

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज एका मशीनने मला चाळिशीतली ठरवलं!

सुपरमार्केटमधले गल्ल्यावरचे लोक गेले आणि त्यांच्या जागी पडदे आले. टोपली ठेवायची, पडद्याकडे बघायचं, झालं. पैसे खात्यातून आपोआप जातात. मी चष्मा सावरला आणि शाळेच्या ग्रुप फोटोला बसावं तशी ताठ उभी राहिले. पडदा गोड आवाजात म्हणाला, "या, डॉक्टर."

डॉक्टर म्हणजे माझी लेक. दातांची. घरातल्या तिघींची, म्हणजे माझी, स्वतःची आणि नातीची, नोंदणी तिनेच केली आहे. जावई बोटीवर असतात, म्हणून ते सुटले.

मदतीला हिरव्या एप्रनमधली एक मुलगी उभी असते. ती म्हणाली, "सॉरी हं आजी, सिस्टिम नवीन आहे. घरातले चेहरे सारखे असले की तिचा गोंधळ उडतो."

मी म्हटलं, "उडू दे की."

घरी येईपर्यंत प्रत्येक काचेत स्वतःला बघत आले.

५ फेब्रुवारी

लेकीला सांगितलं. हसली नाही. "म्हणजे तुझी क्रीमची बिस्किटं माझ्या खात्यावर?"

काही माणसांना कशाचं कौतुकच नसतं.

८ फेब्रुवारी, शनिवार

घरात पुन्हा धुसफूस. कारण तेच काउंटर.

नातीचं खातं 'तरुण' प्रकारचं आहे. म्हणजे अठराच्या आतलं. त्यावर गोड मिळत नाही, फसफसणारं काही मिळत नाही, आणि तिने काहीही उचललं तरी लेकीच्या फोनवर टिंग वाजतं. काल लेक कुणाच्या तरी दाढेत वाकलेली असताना टिंग वाजलं. नातीने कॅरॅमल घेऊन बघितलं होतं. मिळालं नाहीच, पण टिंग वाजायचं ते वाजलं.

"कॅरॅमल दाताला किती चिकटतं, माहितेय ना?"

"तुझ्यापेक्षा कमी चिकटतं."

मला हसू आलं आणि मी स्वयंपाकघरात पळाले. लहानपणी ही पोर दिवसभर वाजायची, म्हणून तिला पिपाणी म्हणायचो. आता आठवड्यात एकदा वाजते, ते असं.

मग तिने खरं काय ते काढलं. पुढची दोन वर्षं तिला बोर्डिंगच्या शाळेत जायचंय. टेकडीवरच्या. महिनाअखेर कळवायचं आहे. सगळं तिने परस्पर विचारून ठेवलंय.

 लेकीने ओटा पुसला. स्वच्छच होता.

९ फेब्रुवारी, रविवार

पोर गेली तर या घरात उरणार कोण? मी आणि दात.

लेक सकाळी माझ्या खोलीत आली. "आई, तू बोर्डिंगमध्ये राहिली आहेस. तूच सांग तिला, किती हाल असतात ते."

हे काम मला जमेल. हाल काय कमी काढलेत मी?

११ फेब्रुवारी

हाल सांगायला सुरुवात केली. पिपाणी पलंगावर आडवी, कानात त्या वायरी. म्हटलं, काढ त्या. काढल्या!

थंड पाण्याच्या आंघोळीपासून सुरू केलं. भल्या पहाटे, एका रांगेत, दातखीळ बसायची. आणि दातखीळ बसलेल्या तोंडानेच आम्ही गाणं म्हणायचो, कारण आमच्यातल्या एकीने शोध लावला होता की गाताना थंडी कमी लागते. वॉर्डन सिस्टर दाराबाहेरून ओरडायच्या, "हे न्हाणीघर आहे की चॅपल?" आणि एक दिवस त्यांनीच बाहेरून दुसरा सूर लावला. अगदी बरोबर पट्टीत.

पिपाणी म्हणाली, "मग?"

मग काय, मग सगळ्याच गायलो. जेवायची वेळ कधी झाली ते कळलंच नाही.

लेकीने विचारलं, "सांगितलेस ना हाल?"

"सांगितले."

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज पेपरमिंटचे हाल.

गोड खायला सक्त मनाई होती. म्हणून मी प्रार्थनेच्या पुस्तकात पानापानांमध्ये चपट्या पेपरमिंटच्या गोळ्या ठेवायचे. रविवारी चॅपलमध्ये आमची अख्खी रांग थंडगार श्वास सोडत भक्तिभावाने बसायची. मदर सुपिरियर म्हणाल्या, या मुलींच्या प्रार्थनेत कसा एक ताजेपणा असतो!

पिपाणी इतकी हसली की पलंगावरून खाली आली. किती दिवसांनी ऐकलं ते हसणं. मी मुद्दाम पुढे जोडलं, "पण घरची फार आठवण यायची हं. उशी भिजायची." खोटं नव्हतं. पहिल्या आठवड्यात भिजायची.

लेक दारात उभी होती. तिच्या तोंडावर हसू आलं होतं. ते पुसून ती म्हणाली, "पेपरमिंटने इनॅमल जातं."

१५ फेब्रुवारी, शनिवार

आजच्यासारखा दिवस माझ्या आयुष्यात गेल्या कित्येक वर्षांत झाला नाही. सगळं नीट लिहून ठेवते.

लेक क्लिनिकला म्हणून गेली. मी आणि पिपाणी दुपारी सुपरमार्केटला. साबणांच्या रांगेत असताना काउंटरकडून मोठ्ठा भोंगा वाजला. लाल दिवा. आणि तोच गोड आवाज, पण आता सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असा: "हा पदार्थ अठरा वर्षांखालील खात्यावर मिळत नाही. पालकांना कळवले आहे."

पिपाणी दचकली. "मी काही नाही केलं!"

आम्ही साबणाआडून बघितलं. काउंटरसमोर माझी लेक. क्लिनिकच्या पांढऱ्या कोटात. टोपलीत चॉकलेटचा केक, अख्खा, आणि क्रीमची बिस्किटं, मी खाते तीच. आणि तिच्याच पर्समध्ये तिचाच फोन वाजला: टिंग.

मशीनने या वेळी आईला मुलगी ठरवलं होतं. एकच हनुवटी तिघींची, ते बिचारं काय करणार?

लेक हळू आवाजात एप्रनवालीला सांगत होती, "अहो, मी डॉक्टर आहे. बेचाळीस वर्षांची आहे."

"हो मॅडम, पण लॉक झालंय. आता पालकांनीच चेहरा दाखवायला हवा."

पिपाणी पुढे झाली. अगदी आईच्याच आवाजात, एक भुवई वर करून: "केक दाताला किती चिकटतो, माहितेय ना?"

लेक लाल. कानापर्यंत लाल. क्षणभर मला भीती वाटली की आता ही रडेल किंवा ओरडेल. एप्रनवालीने विचारलं, "पालक कोण यांचे?"

मी टोपल्या ओलांडून गेले. "मी. मी हिची आई."

चष्मा सावरला. पडद्याकडे बघितलं. पडदा म्हणाला, "या, डॉक्टर. परवानगी दिली आहे."

आधी कोण हसलं ते माहीत नाही. एप्रनवाली खाली बसली. लेक काउंटरला धरून हसत होती आणि मध्येच म्हणत होती, "आई, गप्प बस, आई," मी काही बोलतच नव्हते तरी.

मग गाडीत बसून, बोटांनी, तिघींनी केक. पिपाणीने विचारलं, "नेहमी खातेस?"

"शनिवारी. गाडीतच."

"आणि मला टिंग?"

लेकीने फोन काढला, तिच्यासमोर ते टिंग बंद केलं, आणि 'तरुण' खातंही पुसून टाकलं. म्हणाली, "आजीकडून मी लपवून खायला शिकले, तू माझ्याकडून शिकू नकोस. समोर खा." जरा थांबून: "आणि घरी गेल्यावर लगेच दात घासा."

परत येताना दोघी पुढे, मी मागे. दोघी एकदम बोलत होत्या. मी खिडकीतून बघत एकटीच हसत होते.

पोर आता कुठली जाते?

१८ फेब्रुवारी

घरात पिपाणी पुन्हा दिवसभर वाजतेय. पिपाणी आईच्या क्लिनिकमध्ये जाऊन बसली. लेकीने स्वतः तिला बिस्किटं आणली. समोर खाल्ली दोघींनी. मी तर आज नाचायचीच बाकी होते.

२० फेब्रुवारी, गुरुवार

पिपाणी कपाटातून कपडे काढून बॅगेत मावतात का बघत होती. टेकडीवरच्या शाळेला तिने होय कळवून टाकलंय.

मी म्हटलं, "आता टिंग बंद आहे ना? आता का जातेस?"

"टिंगमुळे सुरुवात झाली होती, आजी. मध्ये मी जवळजवळ बेत सोडलाही होता. मग तू ते न्हाणीघरातलं गाणं सांगितलंस."

"अगं, मी हाल सांगत होते."

"माहितेय. आईने सांगायला लावलंय तेही माहितेय. पण तू सांगताना इतकी खूश होतीस, की मध्ये कोण बोलणार?"

बाहेरच्या खोलीत लेक स्वच्छच असलेलं टेबल पुसत बसली आहे. तिला वाटतंय, आपल्या कडकपणामुळेच पोर चालली. जाऊन सांगायला हवं की माझ्या हालांमुळे चालली. आत्ताच जाते.